तळघरातले लोखंडी दात

इल्पो हाविस्तो हा माणूस घाबरण्यावरच पोट भरत होता. हे त्याला हिणवायला म्हणत नाही, त्याची नोकरीच तशी होती. विमा कंपनीत बसून कुठल्या घराला आग लागण्याचा किती संभव आहे, कोणाच्या छपरावरचा बर्फ कोणाच्या गाडीवर कोसळेल, याचा अंदाज बांधायचा आणि त्याबद्दल दर महिन्याला पगार घ्यायचा. ही सवय अंगात इतकी मुरली होती की घरी पाव भाजतानाही तो टोस्टरपासून हातभर लांब उभा राही. हेइनोला गावातल्या त्याच्या सोसायटीने अशा माणसाला एकमताने चेअरमन केलं यात नवल नव्हतं. एकमताने म्हणजे काय, तर निवडणुकीच्या वेळी बाकी सगळे सभासद आपापल्या बुटांकडे बघत बसले होते आणि इल्पोला नेमकी मान वर करायची दुर्बुद्धी झाली.

चेअरमन झाल्यापासून तो जिन्यातल्या फळ्यावर सूचना लावत असे. 'रात्री दहानंतर संगीत लावू नये.' 'गालिचे अंगणातल्या दांडीवरच झटकावेत.' 'सामाईक सॉनातली वाफेच्या स्नानाची पाळी संपली की बादली उपडी ठेवावी.' प्रत्येक सूचनेच्या शेवटी तो ठळक अक्षरांत 'कृपया' लिही आणि ते वाचून लोकांना उगीचच आपण पकडलो गेलो आहोत असं वाटे.

आणि याच इल्पोने विशीत असताना तोंडाला चुना आणि काजळी फासून, आईच्या कोटाची फरची कॉलर उघड्या खांद्यावर टाकून, नोव्हेंबरच्या थंडीत तळ्याकाठी कुऱ्हाड परजत फोटो काढून घेतला होता. चार पोरांचा बँड होता, नाव 'लोखंडी दात'. इल्पो गायचा. गायचा म्हणजे गिटार आणि ढोल ज्या वेगाने गावाबाहेर धावत सुटत त्यांच्या मागे ओरडत जायचा. त्यांनी एकच तबकडी काढली, तिच्या पाकिटावर तोच फोटो छापला. तिचं नाव ठेवलं 'ही फक्त सुरुवात'. एका मासिकात तिच्यावर एकच ओळ छापून आली: 'सुरुवात अशी असेल तर शेवट लवकर यावा, ही प्रार्थना.' प्रार्थना फळाला आली. पोरांचं भांडण वगैरे काही झालं नाही. फक्त त्या ओळीनंतर कोणी कोणाला आधी फोन करायचा हे ठरेना, आणि मग ते राहूनच गेलं. ढोलवाला जोउको अजूनही दुकानात दुधाच्या कपाटापाशी भेटतो. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवतात आणि दूध घेतात.

न विकल्या गेलेल्या प्रती, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, अकरा खोक्यांत भरून इल्पोबरोबर घरोघर फिरल्या आणि शेवटी इमारतीच्या तळघरात हवाई हल्ल्यासाठी बांधलेल्या, एरवी अडगळीला वापरायच्या बंकरमध्ये, त्याच्या वाट्याच्या जाळीदार कप्प्यात स्थिरावल्या. त्या दिवसापासून त्याने ती तबकडी एकदाही ऐकली नव्हती. बायको मेर्या कधीतरी म्हणायची, "एकदा ऐक तरी." तो म्हणायचा, "वेळ कुठे आहे?" खरं कारण असं होतं की त्याला भीती वाटत होती. तबकडी वाईट निघाली तर तो तरुणपणी मूर्ख होता, एवढंच. ते सोसता आलं असतं. पण चांगली निघाली तर? तर मग एका ओळीला भिऊन त्याने सगळं आयुष्य छपरावरचे बर्फ मोजण्यात घालवलं होतं. ही जोखीम कुठल्याच विम्यात बसत नव्हती.

तर अशा माणसावर त्या वसंतात एकाच आठवड्यात दोन संकटं कोसळली.

पहिलं टपालाने आलं. जगाचे दिवस वाईट आहेत, सीमेपलीकडच्या युद्धखोरीच्या बातम्या रोज ऐकतो आहोत, तेव्हा प्रत्येक इमारतीने आपला बंकर रिकामा करून तपासून घ्यावा, असं सरकारी पत्र. खाली चेअरमनची सही हवी होती.

दुसरं संकट लिफ्टमध्ये भेटलं. वरच्या मजल्यावरची सान्नी, नर्सिंग शिकणारी मुलगी, बारा महिने काळ्या टी-शर्टात वावरणारी.

"हाविस्तो काका, एक विचारू? 'लोखंडी दात' नावाचा बँड ऐकलाय तुम्ही?"

इल्पोने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. "दातांचं मला काही कळत नाही."

"आपल्याच गावचा होता हो! गायकाचं नाव आय. हाविस्तो. तुमच्या नात्यातला का?"

"हाविस्तो पुष्कळ आहेत."

"लोक म्हणतात, आपल्या देशात इतकी भारी पहिली तबकडी निघाली आणि कुत्र्यानेसुद्धा विचारलं नाही. मी दोन गाणी ऐकलीत कशीबशी, खरखरीतून. अंगावर काटा आला. पण अख्खी तबकडी कोणाकडेच नाही. कुठे गेल्या असतील हो सगळ्या?"

लिफ्ट तळघरात थांबली. दार उघडलं. समोर बंकरचं लोखंडी दार होतं. "मला काय माहीत?" असं म्हणून इल्पो बाहेर न पडताच पुन्हा वर गेला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. 'अंगावर काटा आला' हे शब्द मासिकातल्या त्या ओळीपेक्षा भयंकर होते. म्हणजे ती चांगली असण्याचा धोका होता तर! त्याने पहाटे निश्चय केला की पोरीच्या हाती लागण्याआधी आणि तपासनिसाच्या नजरेस पडण्याआधी खोके कचरा केंद्रात पोचवायचे. काम अगदी साधं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गाडीत दोन खोके घालून, वर घोंगडी टाकून, प्रेत लपवल्यासारख्या चेहऱ्याने कचरा केंद्रात गेला. तिथल्या माणसाने घोंगडी उचलली.

"बाहेरचं पाकीट पुठ्ठ्यात," तो म्हणाला. "आतलं पाकीट कागदात. तबकडी मिश्र कचऱ्यात. वेगवेगळं करून आणा."

"सगळ्यांचं?"

"नाही तर काय मी करत बसू?" मग त्याने एक प्रत उचलून डोळ्यांजवळ नेली. कुऱ्हाडवाल्याकडे पाहिलं. इल्पोकडे पाहिलं. पुन्हा कुऱ्हाडवाल्याकडे पाहिलं. "हा मधला..."

"चुलतभाऊ," इल्पो म्हणाला. आणि तेवढ्याने भागेल असं न वाटून पुढे म्हणाला, "वारला तो."

त्या माणसाने टोपी काढली. "अरेरे. आणि त्याची आठवण तुम्ही कचऱ्यात टाकताय?"

इल्पो दोन्ही खोके घेऊन परत आला. इथवर ठीक होतं; पण तो कचरेवाला निघाला खालच्या मजल्यावरच्या हिल्का आजींचा भाचा. संध्याकाळी आजी दारात हजर. चौऱ्याऐंशीचं वय, काठी टेकत आलेल्या, हातात वेलदोडे घातलेला गोड पाव आणि कुंडीतलं पांढरं फूल.

"इल्पो, कळलं हो. जवळचा होता का फार?"

इल्पोने मेर्याकडे पाहिलं. मेर्या भिंतीकडे बघत ओठ चावत होती.

"लहानपणी होता," इल्पो म्हणाला.

"कशाने गेला?"

"हळूहळू," इल्पो म्हणाला, आणि त्याला एकदम गदगदून आलं. आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या गेल्यावर मेर्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आत बराच वेळ हसत राहिली. पाव मात्र चांगला होता. दोघांनी तो खाल्ला. स्वतःच्या दुखवट्याचा पाव खाताना इल्पोला वाटलं, माणसाची इज्जत जायला याहून खालची पायरी नसेल. ती होती, आणि ती तळघरात होती.

ओस्मोचा सल्ला बाकीच होता. ओस्मो हा समोरच्या दारचा, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, आणि जगाचे दिवस वाईट आल्यापासून अंगावर मूठभर मांस चढलेला गृहस्थ. इल्पोने त्याला 'कप्प्यात जुने पडदे आहेत, त्यांची विल्हेवाट कशी लावावी' असं मोघम विचारलं.

"जाळ," ओस्मो म्हणाला. "तळ्याकाठच्या घरी सॉनाची भट्टी आहे ना?"

"त्यांचा धूर विषारी होईल."

"पडद्यांचा?"

"प्लास्टिकचे आहेत."

"मग पूर."

"अंगणात खड्डा घ्यायला नगरपालिकेची परवानगी लागते."

"तू युद्धात पहिल्या दिवशी मरशील," ओस्मो प्रेमाने म्हणाला, आणि आपली योजना सांगू लागला. तपासणीच्या दिवशी नुसतं दार तपासून काय होणार? सगळ्या सभासदांनी आपापली तीन दिवसांच्या शिध्याची पिशवी घेऊन आत बसायचं. सराव होईल. सूचना चेअरमनने लावायची. इल्पोला नाही म्हणता आलं नाही. त्याने सूचना लावली. 'कृपया' या वेळी त्याने बारीक अक्षरांत लिहिलं.

सरावाच्या दिवशी दुपारी वीसेक माणसं बंकरमध्ये जमली. श्रमदान करून बाकीचे कप्पे आधीच रिकामे केले होते. हिल्का आजींची एक जुनी पेटी कोपऱ्यात राहिली होती आणि इल्पोचे अकरा खोके राहिले होते. त्यांवर घोंगडी होती आणि घोंगडीवर चिठ्ठी: 'क्लबरूमचे जुने पडदे'. मेर्याने ती चिठ्ठी वाचली आणि घोंगडी नीट सारखी केली, हे इल्पोला फार लागलं.

तपासणीला आलेला कुइस्मा नावाचा तंत्रज्ञ बाहेर राहिला. त्याने ते हातभर जाडीचं लोखंडी दार लोटलं, बाहेरून दांडा फिरवला. आत कानांत दडे बसले. मग काहीतरी खाडकन वाजलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग हवेच्या नळीतून कुइस्माचा आवाज आला, लांबून, अगदी शांत.

"दांडा तुटला."

"मग?" ओस्मो नळीत ओरडला.

"लाह्टी शहरातून नवा आणतो. थोडा वेळ लागेल. कॉफी आहे ना आत?"

आत फोन लागत नव्हते. एकदोघांनी फोन वर धरून पाहिले, जसा काही छपरातून कोणी हात पुढे करून घेणार होता.

"घाबरू नका," ओस्मो म्हणाला. "आणीबाणीचा मार्ग असतो. त्या भुयारातून सरळ अंगणात. वर एक झाकण आहे, ते..." तो थांबला. "त्या झाकणावर काय आहे?"

सगळ्यांना माहीत होतं. त्या झाकणावर सिमेंटची भली मोठी फुलांची कुंडी होती. गेल्या वर्षी सभेत ती तिथे ठेवायचा ठराव झाला होता, कारण झाकणाला कोणी अडखळून पडलं तर नुकसानभरपाई कोण देणार? ठराव कोणी मांडला होता हेही सगळ्यांना माहीत होतं. वीस माणसांनी इल्पोकडे पाहिलं आणि नजरा पुन्हा आपापल्या बुटांकडे वळवल्या. तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर इल्पोला बरं वाटलं असतं.

पहिली पंधरावीस मिनिटं बरी गेली. कोणी वाटाण्याच्या सूपचा डबा उघडला. मग बोलणं संपलं. आधीच आमच्याकडे बोलणं फार नसतं, त्यात लोखंडी दारामागे बसलं की जे असतं तेही आटतं. सरावासाठी दिवे मालवले होते, जो तो आतल्या तीनच टॉर्चच्या उजेडाच्या गोळ्यांकडे बघत होता आणि सगळ्यांच्या मनात एकच येत होतं. हा सराव आहे. पण सराव कशाचा आहे? इल्पोने आयुष्यभर कागदावर जोखमी मोजल्या होत्या. इथे आपल्या शेजाऱ्यांचे श्वास ऐकताना त्याला कळलं की या गोष्टीचा आकडा त्याच्याकडे नाही.

हिल्का आजी भिंतीशी उभ्या होत्या. काठी जमिनीवर टकटक वाजत होती.

"आजी, बसा ना," सान्नी म्हणाली.

"मागच्या युद्धातही असंच दार लावलं होतं," आजी म्हणाल्या. "मी चार वर्षांची होते. वरून विमानं जात होती. आणि आत कोणी बोलतच नव्हतं, आई पण नाही. मला विमानांची इतकी नाही वाटली भीती. कोणीतरी काहीतरी आवाज करावा असं वाटत होतं मला. करा ना रे कोणीतरी आवाज!"

ओस्मोने घसा खाकरला आणि तेवढ्यावरच थांबला. आजी मागे सरकल्या आणि पडद्यांवर बसल्या.

पडदे दबले नाहीत. खोका फाटला, आजी हळूच खाली गेल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी काळ्या चकचकीत पाकिटांतल्या तबकड्या घसरत जमिनीवर पसरल्या. सान्नीने टॉर्च मारला. वीस-बावीस इल्पो, वीस-बावीस कुऱ्हाडी, आईची फरची कॉलर.

सान्नीने घोंगडी ओढली आणि उरलेले खोके पाहिले.

"काका," ती म्हणाली, "मी दोन वर्षं पोलंडपर्यंत शोधतेय ही. आणि मी रोज हिच्या डोक्यावर झोपत होते?"

आजींना उठवेपर्यंत त्यांनीही एक प्रत हातात घेतली होती. "म्हणजे हा वारलेला..."

"मीच," इल्पो म्हणाला. "आजी, माफ करा. तो पाव..."

"खाल्लास का?"

"खाल्ला."

"मग राहू दे. माझ्या त्या पेटीत तबकड्या वाजवायचं यंत्र आहे. प्रवासाचं. त्याला वीज लागत नाही, जाड सेल लागतात."

आता या यंत्राला सहा सेल लागत होते आणि ते फक्त त्या तीन टॉर्चमध्ये होते. यावर तिथे गंभीर चर्चा झाली. आणीबाणीचे सेल करमणुकीला वापरावेत का, असा प्रश्न कोणीतरी काढला. ओस्मोने हनुवटी खाजवून निकाल दिला, "मनोधैर्य हाही शिधाच आहे," आणि स्वतःचा टॉर्च उघडून सेल पुढे केले.

"नको," इल्पो म्हणाला. "हे बघा, बंद जागेत आवाज फार होतो. नियम..."

"दहा वाजायला पुष्कळ वेळ आहे," सान्नी म्हणाली. "फळ्यावर तुम्हीच लिहिलंय."

इल्पोने दाराकडे पाहिलं. सगळ्या जन्मात ज्या गोष्टीपासून तो पळाला ती आता वाजणार होती, आणि पळायला जागा म्हणाल तर एका बाजूला तुटलेला दांडा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच ठरावाची कुंडी. त्याने मेर्याचा हात धरला. एकेक टॉर्च विझत गेला. शेवटी नुसता काळोख उरला आणि काळोखात सुई टेकल्याची खरखर.

मग गिटार आली. ती इतकी जवळून आली की दोनतीन माणसं दचकली. मागून जोउकोचे ढोल, अडखळत नव्हे, धावत. आणि मग तो आवाज. इल्पोने डोळे मिटून घेतले, काळोखात त्याचा काही उपयोग नव्हता तरी. तो शिक्षेची वाट बघत होता. आता फाटेल, आता बेसूर होईल, आता मासिकातली ती ओळ खरी ठरेल. आवाज काही ठिकाणी फाटलाही. दुसऱ्या गाण्यात शब्द विसरून नुसतंच ओरडलेलं होतं. पण ते पोरगं ओरडत होतं ते तळ्याच्या गोठलेल्या पाण्याबद्दल, युद्धावरून परतून एक शब्दही न बोललेल्या आजोबांबद्दल, या गावातल्या मुक्या माणसांबद्दल. घरात कोणी बोलत नाही म्हणून ते पोरगं ओरडत होतं. आणि त्याला कशाचीच भीती वाटत नव्हती.

चांगली होती. इल्पोला पहिल्याच बाजूच्या मध्यावर ते कळलं आणि त्याला रडू आलं. सुख म्हणावं असं ते नव्हतंच. एवढं चांगलं काही आपल्याकडून झालं होतं आणि आपण ते खोक्यांत भरून घरोघर लपवत नेलं, हे त्याला आता ठाऊक झालं होतं आणि पुन्हा नाठाऊक करता येणार नव्हतं.

बाजू संपली. सुई नुसती फिरत राहिली.

"ठीक आहे," ओस्मो काळोखात म्हणाला. ओस्मोने स्वतःच्या लग्नाबद्दलही आजवर याहून जास्त काही म्हटलं नव्हतं.

"मोठ्याने आहे," हिल्का आजी म्हणाल्या. "छान मोठ्याने आहे." काठीची टकटक थांबली होती.

सान्नी नाक ओढत होती. कोणीतरी सूपचा डबा पुढे सरकवत विचारलं, "पुढची कधी काढली मग?" इल्पोच्या छातीत तो प्रश्न रुतला.

तेवढ्यात दाराबाहेर लोखंड वाजलं. दार कुरकुरत उघडलं, उजेड आत आला आणि त्याबरोबर कुइस्मा, हातात नवा दांडा, तोंडात अर्धा सँडविच. लोक पिशव्या उचलून, डोळे चोळत, एकेक करून बाहेर पडले. बाहेर पडताना बहुतेकांनी जमिनीवरची एकेक तबकडी उचलून बगलेत मारली. विचारलं कोणीच नाही. सान्नीने चार घेतल्या.

इल्पो तसाच यंत्रापुढे बसून होता.

"चला, चेअरमनसाहेब," कुइस्मा म्हणाला. "मला दार लावून पुन्हा चाचणी घ्यायची आहे."

"घ्या ना."

"तुम्ही आत असताना? दांडा नवा आहे, कसा बसतोय माहीत नाही. पुन्हा अडकला तर मी जबाबदार नाही हं!"

इल्पोने जोखीम मनात मोजून पाहिली. बरीच होती.

"दुसरी बाजू राहिलीय," तो म्हणाला. "लावा दार."

कुइस्माने मेर्याकडे पाहिलं. ती उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने खांदे उडवले, पिशवी बाहेर ठेवली आणि परत आत येऊन इल्पोला कोपराने ढकललं.

"सरक जरा."

दार बंद झालं. दांडा फिरला. पुन्हा मिट्ट काळोख.

"मेर्या, मला भीती वाटतेय गं," इल्पो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "उलट तबकडी."